लाइट गेली तरी न थांबणारे हात

छगनदादांना गर्व झालाय, असं आमच्या कारखान्यात सगळ्यांत आधी मीच म्हणालो. आज आठवलं की लाज वाटते, पण तेव्हा माझं डोकं फार लवकर फिरायचं. सहा महिने हा माणूस रस्त्यात समोर आला की मी हात वर करायचो आणि तो ढुंकूनही न बघता निघून जायचा.

गर्व व्हावा असं त्यांच्याकडे होतंही. १९९६ साली आम्ही सुरतेजवळ उधन्याला लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवायचो, बहुतेक सगळे खानदेशातले. लूमवरचा बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा भलामोठा रूळ, संपला की नव्या बीमचा एकेक धागा जुन्याच्या टोकाला गाठ मारून जोडावा लागतो. चार हजारांवर धागे. ते काम दादांचं. चिमूट जरा फिरायची आणि गाठ पडलेली असायची. ती कशी पडली, हे तीन वर्षं शेजारी उभं राहूनही मला कळलं नाही.

खरी कमाल लाइट गेल्यावर. आमच्या शेडला खिडक्या नव्हत्या, त्यामुळे भर दुपारी मिट्ट काळोख. आम्ही चाचपडत बाहेर पडून बिड्या पेटवायचो. दादा मात्र जागेवरच. लूमचा खडखडाट थांबला की विचारायचे, "लाइट गयी का रे?" आणि हात चालूच. परत येऊन बघावं तर वीतभर बीम जोडलेला, एकही धागा चुकलेला नाही. त्यांच्या त्या विचारण्यावर आम्ही पोट धरून हसायचो. पलसाण्याच्या कारखान्यांतून दोघंतिघं खास हे बघायला आले होते, तेही तोंडात बोट घालून परत गेले.

एका दुपारी लाइट गेली तेव्हा मी मुद्दाम बॅटरी घेऊन आत गेलो. म्हटलं, बघूच यांचा रुबाब. झोत थेट तोंडावर मारला. दादांनी मानही वळवली नाही. उलट लाइट आली असं वाटून खूश होऊन म्हणाले, "लाइट उनी का?"

डाव्या डोळ्याची बाहुली दुधासारखी पांढरी होती. उजवीही धुरकटलेली. मी बॅटरी खाली केली.

"दादा, तुम्हाला दिसत नाही?"

"मना बोटेसले दिखस ना," ते म्हणाले. "मोतीबिंदू पिकू दे, मंग देखसूत."

मी त्यांच्याशी कडाकडा भांडलो. पण दादा गाठी मारायचे थांबले नाहीत. शेवटी उषावहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला सांगितलं आणि सुट्टीच्या दिवशी दोघांनी मिळून त्यांना धर्मादाय दवाखान्यात ओढत नेलं. डॉक्टरीणबाई गुजराती, पण खानदेशी पेशंट तपासून तपासून मराठी शिकलेल्या.

"पिकायची वाट बघायला हा काय आंबा आहे, काका? हा डोळा आणखी असाच ठेवलात तर आत सूज येईल, कायमचा जाईल."

"मनं काम आडत नही," दादा ठाम. ऑपरेशननंतर दीड महिना घरी बसलं की बोटं गाठ विसरतील, ही त्यांची खरी भीती. ते कसब गेलं तर माझ्याजवळ काय राहिलं, असं ते येताना रिक्षात म्हणालेही होते.

बाईंनी शांतपणे विचारलं, "काम राहू द्या. डोळ्यांपायी सोडलं काय काय, ते सांगा."

वहिनी म्हणाल्या, "वरीस झालं, नातीला शाळेत सोडायला जात नाहीत. खांदा दुखतो म्हणतात."

मग दादा खाली मान घालून म्हणाले, "खांदा दुखत नही. माले गाडी दिखस नही. पोरनं बोट कसं धरू?"

"म्हणजे ऑपरेशनची वेळ कधी झाली ते तुम्हाला वर्षापूर्वीच कळलं होतं," बाई म्हणाल्या. त्या आठवड्यात डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं.

दीड महिन्यानं दादा कामावर आले. फाटकातूनच त्यांनी हात वर केला, "ओ रामदास!" माझे डोळे भरून आले. मग ते बीमपाशी बसले, एक धागा उचलून डोळ्यांपुढे धरला आणि तसेच बघत राहिले.

"इतला बारीक शे हाऊ धागा?"

आपल्याच बोटांकडे ते असे बघत होते, जसे पूर्वी आम्ही सगळे बघायचो. पहिली गाठ जरा अडखळली. दुसरी बसली. शंभर-दीडशे झाल्या असतील, तेवढ्यात लाइट गेली.

आम्ही श्वास रोखून उभे राहिलो. काळोखात दादांचा आवाज आला, "अंधार पडना ना, भाऊ. माले हात दे."

मी हात दिला. त्या दुपारी पहिल्यांदाच ते आमच्याबरोबर बाहेर येऊन बसले आणि लाइट येईपर्यंत रस्त्यावरच्या गाड्या बघत राहिले.