पत्रिकेवरची डॉक्टरकी

माझा भाऊ शिवप्पा, उदगीरचा कापडवाला, मनानं वाईट न्हाई. पण मिरवायची हौस लई. त्या हौसेपायी त्यानं पोरीचं वाटोळं केलं, हे मी त्याच्या तोंडावर सांगितलंय.

मंजुश्री त्याची धाकटी. नांदेडला ताऱ्यांवर पीएचडी करत होती. आपल्या शेजारी एक चकलीसारखी दीर्घिका हाय म्हणे. तिच्यातले राक्षसी तारे फुगतात अन् ओसरतात. जो जितका संथ फुगतो, तितका वयानं लहान. मला उलटंच वाटलं होतं! तरणे तारे कुठं अन् जुने कुठं हे मांडलं, की दीर्घिका कशी वाढत गेली ते कळतं. उदगीरसारखंच म्हणाली, जुनी वस्ती किल्ल्यापाशी, नवं प्लॉटिंग बाहेर. मला लगेच कळलं. पण सगळ्यात संथ ताऱ्यांची फुगण्या-ओसरण्याची एक फेरी पुरी व्हायची होती, तिथं प्रबंध अडला होता.

तेवढ्यात लातूरचं स्थळ आलं. सोमेश, डॉक्टरकीच्या नीट परीक्षेचे क्लास चालवणारा. शिक्षण पुरं करू देतो, असं बैठकीत कबूल केलं त्यांनी. अन् इथं शिवप्पानं घाण केली. लग्नपत्रिकेत छापलं, 'डॉ. मंजुश्री'. ती चिडली तर म्हणतो, होणारच हायेस की, वरीसभर मागंपुढं. सोमेशनं तेच नाव क्लासच्या फ्लेक्सवर चढवलं, चौकाचौकात, अन् तिला फिजिक्स शिकवायला उभी केली.

पुढं ताऱ्यांची फेरी पुरी झाली. तान्ही पोर मांडीवर घेऊन मंजूनं प्रबंध लिहून काढला. द्यायला नांदेडला निघाली, तर सोमेश आडवा आला.

"आता डॉक्टर झाली म्हणून पेपरात येईल. मग आजवर कोण होती, असं पालक विचारतील. जायचं तर पोरीला इथं ठेवून जा, अन् परत येऊ नको."

शिवप्पा जावयाच्याच बाजूनं बोलला. अब्रूचा प्रश्न हाय म्हणे. मेल्या, खोटं छापताना कुठं गेली होती अब्रू?

चल, मी येते संगट, असं मी मंजूला कितीदा म्हटलं. ती पोरीकडं बघायची अन् तिलाच उचलून घ्यायची. नांदेडच्या सरांनी मुदत वाढवून वाढवून दिली, पण त्यालाही हद्द असते. मागच्या महिन्यात पीएचडीची नोंदणीच रद्द झाली. मी तेव्हा लातूरला मंजूकडंच होते.

सोमेशनं ऐकलं अन् म्हणाला, "बरं झालं. आता कुणी विचारणार न्हाई."

मंजूनं चहा तसाच ठेवला अन् खाली क्लासात गेली. जिन्यापर्यंत आवाज आला. पोरी उठून म्हणत होत्या, "गुड मॉर्निंग, डॉक्टर मॅडम."