गुडघ्याच्या वर

काकूंच्या शरीरात पोटाच्या खाली आणि गुडघ्याच्या वर काही नव्हतंच, निदान बोलण्यात तरी. चाळीस वर्षं लंडनमध्ये काढलेली ही बाई कौन्सिलच्या माणसाला फोनवर रडकुंडीला आणायची, पण जीपीसमोर, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरसमोर, बसली की नुसतं म्हणायची, "नी पेन." जीपी पुरुष होता, विषय संपला.

मी लंडनमध्येच, एजवेअरला त्यांच्या घरी भाड्याने राहत होते. काकू ऐंशीच्या पुढच्या, एकट्या आणि इतक्या वाळलेल्या की अंगातलं कार्डिगन खुंटीला अडकवल्यासारखं दिसे. उपास मात्र एकही सोडत नसत. मी चिडले की म्हणत, या वयात हलकंच राहावं. ते हलकं राहणं मला बघवत नसे.

मधूनच त्यांचा उजवा पाय धरायचा. मग गुडघा पोटाशी घेऊन कुशीवर पडून राहत. पाय सरळ केला की चेहरा पांढराफटक. ओकारी झाली तर दोष उपासाच्या पित्ताला. काही वेळाने सगळं थांबे आणि काकू उठून चहा टाकत. "गेलं," एवढंच म्हणत. कोण आलं होतं, कुठे गेलं, हे विचारायची सोय नव्हती. पण ते आता लवकर लवकर येऊ लागलं होतं.

एकदा ते गेलंच नाही. पोट फुगलं, मी अँब्युलन्स बोलावली. स्कॅन बघून तरुण डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, की कमरेच्या हाडात एक बारीक वाट असते; अंगावरची चरबी झडलेल्या म्हाताऱ्या बायकांचं आतडं कधीकधी तिथे अडकतं, शेजारची नस दबते आणि दुखणं गुडघ्यापर्यंत उतरतं. गुडघ्याला काही झालेलंच नव्हतं. मोठं ऑपरेशन काकूंच्या हृदयाला झेपलं नसतं. म्हणून बाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत, पाय वाकवून, मांडीच्या आतून हळूहळू दाबून आतडं परत आत सरकवलं. मात्र वाट उघडीच होती. थोडी ताकद आली की लहान छिद्रांतून दुर्बिणीने जाळी बसवायची, असं ठरलं. ते काम करणारा सर्जन पुरुष होता.

"गेलं ना? मग दिवाळीनंतर बघू," म्हणून काकू घरी आल्या. मी भांडले, अबोला धरला. त्या शांतपणे दाणे भाजत बसल्या.

दिवाळीआधीच ते परत आलं. हॉस्पिटलात सर्जन समोर आला, तेव्हा काकूंनी स्वतःच पांघरूण बाजूला केलं आणि त्याचा हात धरून जांघेत ठेवला. "हिअर," त्या म्हणाल्या, "ऑल धिस टाइम, हिअर." मला रडू आवरेना. पण आतडं काळं पडलं होतं. दाबून सरकवायची, दुर्बिणीची वेळ टळून गेली होती. पोट उघडावंच लागलं.

त्यानंतर वॉर्डमध्ये त्या जेमतेम बोलत. एकदा मला जवळ बोलावून म्हणाल्या, "आईला विचारत जा गं, नक्की कुठं दुखतं ते. बरं आहे म्हणाली तर सोडू नकोस." त्याच आठवड्यात त्या वारल्या.

दर रविवारी मी नागपूरला फोन करते. आई म्हणते, सगळं बरं आहे, हल्ली पाय जरा धरतो इतकंच.

"कुठे, आई? नक्की कुठे?"

उत्तर येईपर्यंत मी फोन ठेवत नाही.