रेशीम अळ्यांच्या लेंड्या

केनवडजवळच्या आमच्या शेतात तुती लावली आणि शेड उभारून रेशीम अळ्या पाळायला घेतल्या, तेव्हा मी फक्त पाल्याचा विचार केला होता. अळी खाते त्यातलं बरंचसं मागून टाकते, हे समोर दिसत असूनही मनावर घेतलं नाही. ती उठून कुठे जात नाही. खाते तिथेच काळ्या, दाणेदार लेंड्या टाकते आणि त्यांच्यावरच बसून राहते.

दुसऱ्या खेपेला पावसाची झड लागली होती. एका मित्राच्या घरच्या लग्नासाठी मी तीन दिवस रिसोडला राहिलो. मी येईपर्यंत सफाईला हात लावू नको, असं बायकोला बजावून गेलो. काम तसं सोपं. ताज्या पाल्याखाली जाळी अंथरायची, अळ्या वर चढल्या की ती उचलायची आणि खालचा केर फेकायचा. परत आलो तेव्हा रॅकवरचा थर हाताला गरम लागत होता, आंबूस वास सुटला होता. अळ्या मऊ पडल्या होत्या. बोट लावलं की फुटायच्या. दोघांनी खड्डा खणून त्या चुन्यात पुरल्या. 

पुढच्या खेपेला बायकोने मला विचारणं सोडलं. रोज सकाळी लेंड्या तळहातावर घेऊन पाहायची. कोरड्या, कंगोरेदार असल्या तर पाला टाकायची. ओलसर वाटल्या तर आधी चुना भुरभुरायची. अळीच्या पोटाचं दुसरीकडे कुठे कळत नाही, असं तिचं म्हणणं.

अळ्या पिकून चंद्रिकेच्या जाळ्यांवर कोष विणायला चढल्या, त्या संध्याकाळी तिने शेडचे पडदे गुंडाळून टाकले. वारा लागेल म्हणून मी ते खाली सोडायला गेलो, तर तिने हात धरला.

"काहून उघडले?" मी विचारलं.

"पोट मोकळं करून राह्यल्या त्या. थे ओल आत कोंडली तं कोषाले डाग पडते. राहू द्या."

मी जवळ जाऊन पाहिलं. एक अळी थांबली. तिने मऊ लेंडी टाकली, मागून पाण्यासारखा थेंब सोडला आणि मगच डोकं हलवत धागा काढायला लागली.

कोष पांढरे निघाले. एका कोपऱ्यातले मात्र डागाळले. तिथे अळ्यांची दाटी मीच केली होती. तसं मी तिला सांगितलं.

"दिसलं मले," ती म्हणाली, आणि डागाळलेल्यांची टोपली निवडायला माझ्याकडे सरकवली.