बिनसहीचं चित्र

काकूंनी माझं चित्र दोन बोटांत धरलं होतं. मेलेली पाल धरावी तसं.

ऐंशीनंतरची वर्षं. कॅलिफोर्नियात, सनीव्हेलमधलं आमचं एका बेडरूमचं अपार्टमेंट, संक्रांतीचं हळदीकुंकू. बायकांचे कोट पलंगावर टाकलेले. काकू कोट घ्यायला आत गेल्या आणि पलंगामागची माझी चित्रांची फाइल काढून बाहेर आल्या. डॉक्टरांची बायको. डॉक्टरांच्याच शब्दामुळे आमच्या यांना नोकरी लागलेली.

चित्रात एक म्हातारी. नागडी, पाठमोरी. कम्युनिटी कॉलेजच्या चित्रकलेच्या वर्गात समोर मॉडेल बसवून मी काढलेली.

"हे असलं कोण काढतं गं या घरात? डिसेंट बायका येतात इथे. काढायचंच तर नाइस फ्लॉवर्स काढ ना!" मग बाकीच्यांकडे वळून, "हिचे वडील पाट्या रंगवायचे ना. चालायचंच."

बायका हसल्या.

मी म्हणाले, "माझं नाही ते. यांच्या मित्राचं आहे." आणि तिळगुळाचा डबा पुढे केला.

लाज म्हातारीच्या उघड्या पाठीची नव्हती. बापाची वाटली. हे लिहिताना आजही तोंड लपवावंसं वाटतं.

पुढच्या आठवड्यात वर्गात बाईंनी स्लाइड दाखवली. अठराव्या शतकातली, युरोपातली एक चित्रकर्ती. हात पक्का. पण नग्न मॉडेल बसायची त्या खोलीत बायकांना मज्जाव. शरीरच शिकू दिलं नाही, मग मोठी चित्रं काढणार कशी? जन्मभर फुलं आणि श्रीमंतांचे चेहरे. बऱ्याच चित्रांवर सही नाही. ती भावाच्या नावावर खपली.

तिला लोकांनी दाराबाहेर ठेवलं होतं. मला दार उघडं होतं. माझं चित्र दुसऱ्याच्या नावावर कोणी घातलं? मीच.

माझ्या चित्रावर सही नव्हती, म्हणून तर ते खोटं जमलं. माझा बाप साध्या पिठाच्या गिरणीची पाटी रंगवली तरी खाली कोपऱ्यात सही करायचा.

पुढच्या संक्रांतीला ती म्हातारी फ्रेम करून हॉलमध्ये लावली. खाली माहेरच्या नावानं सही. काकू दारातच थबकल्या.

"हे कोणाचं म्हणाली होतीस?"

"माझं. पाट्या रंगवणाऱ्याच्या मुलीचं."

काकू वाण न घेता गेल्या. नोकरीचं काय होईल म्हणून हे घाबरले. घाबरू देत.

आधीचं 'माझं नाही' त्यानं पुसलं गेलं नाही. ते पुसलं जात नाही. आता मी कोऱ्या कागदावर आधी सही करते. मग चित्र काढते.