रामवाडीच्या उतारावर काशिनाथदादा

हे मी कोणाला बोललो नाय. आयशीला नाय, दोस्तांना नाय. तुम्हीच पहिले. हसायचं तर हसा, लोकांना हसवूनच मोठा झालोय मी. शाळेत हेडसरांचा आवाज काढून अख्खा वर्ग उभा केलेला.

पेणला, रामवाडीतल्या एका किराणा मार्टमध्ये मी ट्रॉल्या दुरुस्त करायचो. चाकात गुंतलेले केस, दोरे काढायचे, तेल सोडायचं, वाकडी जाळी ठोकून सरळ करायची. जोडीला काशिनाथदादा — खाडीकडचा, मिठागरात राबून दगड झालेला माणूस. डबा उघडला की पहिली सुकट माझ्या चपातीवर.

पार्किंगच्या उतारावरून वीस ट्रॉल्या एकात एक घालून, दोरीनं सोडायच्या. दोरी वरती दादाच्या हातात. वळणामुळं त्याला खालचं दिसायचं नाय. खाली मॅनेजरसाहेब. वाट मोकळी झाली की साहेब ओरडणार, "सोड रे, काश्या!" दादानं दोरी सोडली की रांग सुसाट खाली; तिथं टायर लावलेले, त्यांवर थांबायची.

त्या दिवशी साहेब उतारावरच उभा, पाठ करून, फोनवर. मी वळणावर पाना घेऊन बसलेलो. मला दिसत होता तो — व्हय, स्पष्ट दिसत होता. वाटलं, उडी मारेल, धोतर सुटल्यासारखा पळेल, काय मजा! आणि मी त्याच्या आवाजात ओरडलो.

दादानं सोडली.

हाड मोडल्याचा आवाज कधी ऐकलाय? मी ऐकला. साहेबाचा गुडघा उलटा वळलेला, वर जाळ्यांचा ढीग, रक्त चाकांत.

दादा धावत आला. "साहेब, तुम्हीच बोल्लात ना?"

"खोटं बोलतो भडव्या! मारा याला!"

वॉचमन धावले, गिऱ्हाईकं धावली. दादा खाली पडला. आणि पडल्या-पडल्या त्याची नजर माझ्यावर आली. त्याला कळलं — कसं नाय कळणार? रोज डब्यावर तोच आवाज ऐकून हसायचा. त्यानं तोंड उघडलं.

मी त्या तोंडावर लाथ मारली. सगळ्यात जोराची माझीच होती. दोन दात पडले. मग परत मारली, कारण तो अजून बघत होता.

त्यानं पोलिसांनाही माझं नाव सांगितलं नाय. का — मला ठाऊक नाय. विचारलंही नाय.

आता तो रोह्याला बहिणीकडं असतो. गेल्या महिन्यात तिथल्या स्टँडवर दिसला. मी जवळ गेलो. त्यानं पटकन दोन्ही हात तोंडावर धरले.