वाऱ्यात वाकणारा पंख

२०२५ साल. मी बाहत्तरचा, पंडितआबा पंच्याहत्तरचे. केळीच्या पानांवर ऊन यायच्या आत त्यांच्या नातीचा, प्राचीचा फोन आला, "मिस्तरीबाबा, आबा झोपेतच गेले." त्याला आता महिना झाला. मी चौथी शिकलेला माणूस, लिहिणं माझं काम नाही. पण आबांवर दुसरं कुणी लिहिलं तर गोड गोड लिहील, आणि आबा काही गोड माणूस नव्हते.

आबा मूळचे शिंदखेड्याचे, बोलणं अहिराणी. नोकरी दीपनगरला, वीजकेंद्रात वेल्डिंगचे जोड तपासायची. माझं सावद्याला ट्रॉल्या बनवायचं दुकान. एकदा तिकडे ठेक्यावर काम केलं, तेव्हा माझा जोड त्यांनी नापास केला. मी भांडलो. त्या भांडणातून जी ओळख झाली ती जन्मभर पुरली... निवृत्त झाल्यावर ते लेकाकडे सावद्यालाच आले आणि रविवारी आम्ही टीव्हीवर गाड्यांच्या शर्यती बघू लागलो. विमानाचा पंख विमानाला वर उचलतो, या गाड्यांच्या मागे बसवलेला पंख गाडीला रस्त्यावर दाबून धरतो, म्हणजे ती वळणावर घसरत नाही. नियम असा, की तपासणीत वजन लावलं तरी पंख वाकता कामा नये. तर काही हुशार लोक असा पंख करतात, की उभ्या गाडीवर ताठ, आणि पळताना वाऱ्यानं मागे झुकणारा. वारा कमी अडतो, सरळ रस्त्यावर गाडी जास्त पळते. आबा चिडायचे, "ही चोरी शे!" मी म्हणायचो, "काबरं? तपासणीत पास झाला ना?" चहा गार व्हायचा, वाद नाही.

गेल्या वर्षी तो वाद टीव्हीतून माझ्या दुकानात आला. प्राची जळगावला इंजिनिअरिंग शिकते. तिच्या कॉलेजच्या पोरापोरींनी शर्यतीची लहान गाडी बनवली, चालवणार होती प्राची. मागच्या पंखाला धरणाऱ्या नळ्या मी जोडल्या. जायच्या आधी तपासायला अर्थातच आबा. पोरांच्या शर्यतीचा नियम, वीस किलोच्या वजनानं पंख करंगळीच्या जाडीपेक्षा जास्त वाकायचा नाही. आता सावद्यात वजन म्हणजे काय? केळीचा घड! काट्यावर मोजून एक घड पंखाला टांगला. पंख जेमतेम हलला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मी आबांकडे बघितलं.

"गाडी उभी शे तोवर बठ्ठा पंख साधूच," आबा म्हणाले. "पळवा तिला."

प्राचीनं गाडी पळवली आणि हा म्हातारा रस्त्याकडेला धुळीत पोटावर आडवा, नजर पंखावर. उठले ते सदरा न झटकताच म्हणाले, "वाकस रे मिस्तरी, चांगला वाकस."

"वाकू द्या की! केळीचं पान वाऱ्यात वाकतं म्हणून टिकतं. नियमात वजन टांगायचं लिहिलंय, पळवून बघायचं कुठं लिहिलंय?"

"नाही लिहिलं. पास शे तुझा पंख." मग प्राचीकडे बोट करून म्हणाले, "पण वळणावर तो गाडीला किती दाबेल, हे हिला कोण सांगणार? तू, का तुझी केळ?"

प्राची हेल्मेट काढून पंख बघायला आली. मी म्हणालो, "मी जोडलेलं मी कापत नाही," आणि घरी निघून आलो. बायकोनं विचारलं, काय झालं? म्हटलं, त्या म्हाताऱ्याला विचार.

पुढे शर्यत झाली. प्राची बक्षिसाशिवाय, पण हसत परत आली, "आबा, वळणावर गाडी रस्ता सोडतच नव्हती!" तरी बरोबर कोण होतं, यावर आम्ही शेवटपर्यंत भांडलो. मी आजही हरलेलो नाही. पण आबा म्हटलं की मला ते भांडण आठवत नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवते...

दुकान उघडायला आलो तर आबा पायरीवर बसलेले. मांडीवर नळ्यांसकट सोडवून आणलेला पंख, शेजारी लोखंडाची एक नळी. "तुझं काही कापू नको," म्हणाले. "ही तिरपी वरून जोड. पंख वाकायचा नाही, आणि तुझा जोड तसाच राहील." जन्मभर दुसऱ्याचं काम संपल्यावर चुका काढायला येणारा माणूस! मी विचारलं, "आणि नळी धरणार कोण?" आबांनी माझे हातमोजे चढवले, काळी काच डोळ्यांपुढे धरून पट्टा मागे बांधला आणि दोन्ही हातांनी नळी धरली. ठिणग्या सदऱ्यावर उडत होत्या. मी "सोडा" म्हणेपर्यंत ते हलले नाहीत.