दफनातून खोडलेला थॉमस

नोकरीतल्या बहुतेक केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. बेसिंगस्टोकजवळच्या एका गावातल्या चर्चची केस मात्र अजून वेगळी आठवते. ऐंशीचं दशक संपत आलं होतं आणि मी तिथे सीआयडीत डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. बिझनेस पार्कमधल्या चोऱ्यांनी जीव नकोसा केला होता. त्यात इन्स्पेक्टरांनी चर्चची तक्रार माझ्या टेबलावर टाकली, कारण ती दुसऱ्या कोणालाच नको होती.

चर्चची जुनी रजिस्टरं काउंटीच्या रेकॉर्ड ऑफिसात पाठवायची होती. त्याआधी पानं तपासताना व्हिकरना, म्हणजे तिथल्या पाद्रींना, सतराव्या शतकातल्या दफनाच्या नोंदींतली एक ओळ ब्लेडने खरवडलेली दिसली. खरवड ताजी होती. ओळ कुणाची होती ते वाचता येत नव्हतं.

व्हिकर अवघडून म्हणाले, "सार्जंट, नाव घ्यायला बरं वाटत नाही. पण हे रजिस्टर सगळ्यात शेवटी आमच्या अमेरिकन पाहुण्यांनी पाहिलंय."

हे पाहुणे म्हणजे निवृत्त शाळामास्तर. दर उन्हाळ्यात यायचे आणि गावच्या पबवरच्या खोलीत उतरायचे. मी त्यांना ठाण्यात बोलावलं. बोलायची सक्ती नाही, बोलाल ते पुराव्यात येऊ शकतं, ही नेहमीची सूचना दिली. त्याच आठवड्यात त्यांचं परतीचं विमान होतं.

त्यांचा पूर्वज अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या वसाहतीत गेला होता. खरं नाव देत नाही, थॉमस म्हणू.

"तिथे एकाच गावात तीन थॉमस होते," ते म्हणाले. "बाप, मुलगा आणि पुतण्या. त्यातल्या दोघांच्या बायकांचं नाव मेरी. कुणाची जमीन कोणत्या ओढ्यापर्यंत, हे बघून बघून मी त्यांना वेगळं केलं. त्यात माझी अर्धी नजर गेली. आणि मी रजिस्टर खरवडीन?"

"आणि इंग्लंडमधला थॉमस कुणी शोधला?"

"इथल्या चर्चच्या वॉर्डनने. माझा मित्र आहे तो." त्यांचा चेहरा जरा उजळला. "थॉमसच्या बाप्तिस्म्याची नोंद त्याने मला पत्राने कळवली. चर्चच्या फरशीत थॉमसच्या आईवडिलांच्या नावाचा दगड आहे. तिथे उभा राहिलो की वाटतं, आपण कुठून तरी आलोय."

मग त्यांनीच मला विचारलं, "पण ती ओळ कुणाची होती हो?"

गुन्हा केलेला माणूस पोलिसांकडे काय पुरावा आहे याचा अंदाज घेतो. हे गृहस्थ काय हरवलं ते विचारत होते. मी त्यांना जाऊ दिलं, पण गाव सोडू नका असं सांगावं लागलं. अपमान गिळून ते उठले.

वॉर्डन चर्चची व्यवस्था पाहायचे. विधुर, एकटे. त्यांचा जबाब घ्यायला मी घरी गेलो. त्यांनी चहा केला, बिस्किटं मांडली आणि खुर्चीच्या कडेवर बसले.

"माझा मित्र असं करणार नाही," ते म्हणाले. "आणि एका लहान पोराला पुरल्याची ओळ खोडून कुणाला काय मिळणार?"

मी पेन खाली ठेवलं. "लहान पोराला? ती ओळ कुणाची, हे आम्हालाही अजून कळलेलं नाही."

त्यांनी हातातला कप बशीत ठेवला. मी तीच नेहमीची सूचना त्यांना दिली. त्यांनी मान हलवली.

"इथला थॉमस लहानपणीच गेला," ते म्हणाले. "मला ते मागाहून दिसलं. अमेरिकेला गेलेला थॉमस वेगळाच, दुसऱ्या काउंटीतला कुणीतरी. आणि या उन्हाळ्यात तो दफनाच्या नोंदी वाचायला बसणार होता."

"मग सांगायचं त्यांना."

"सांगितलं असतं, तर तो त्या काउंटीत गेला असता."

"त्या काळी रजिस्टरची एक नक्कल दरवर्षी बिशपकडे जायची, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं?"

"होतं. पण नक्कल मागायला तो गेला नसता. माझ्यावर त्याचा विश्वास होता."

"तुमच्यामुळे त्यांना ठाण्यात बसावं लागलं."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मी जबाब लिहिला, वाचून दाखवला, सही घेतली. बिशपकडच्या नकलेत छोट्या थॉमसचं दफन स्पष्ट होतं. खटला भरू नये अशी चर्चने विनंती केली. वॉर्डनना लेखी समज मिळाली आणि त्यांनी पद सोडलं.

पाहुण्यांना मी स्वतः जाऊन सांगितलं. ते बराच वेळ बॅगेचा पट्टा आवळत राहिले.

"इतक्या वर्षांत त्याने मला एकदाही बाहेर जेवू दिलं नाही," ते म्हणाले. "आणि त्याला वाटलं, मी त्या दगडासाठी येतो?"

वॉर्डनना भेटून जा, असं मी सुचवलं. पण दुसऱ्या दिवशी ते निघून गेले.

घरी हिला सांगितलं. ही हॉस्पिटलची ड्यूटी करून दमून आलेली. म्हणाली, "अहो, एवढं सगळं कशाला? 'तू ये, मला करमत नाही' असं सांगायचं ना सरळ!"

ते सरळ सांगता न आल्यामुळे माणसं काय काय करतात, तेच मी नोकरीभर लिहून घेत होतो, हे मला तेव्हा कळलं. आम्ही हेतू शोधताना आधी लोभ पाहतो, मग राग. एकटेपणासाठी आमच्याकडे कलम नाही. त्यानंतर कुणाचाही जबाब घेताना मी आधी विचारायचो, घरी कोण कोण असतं?

पुढच्या वर्षी उन्हाळा संपता संपता वॉर्डन मला बाजारात भेटले. पाहुणे इंग्लंडला येऊन गेले होते, पण थेट त्या दुसऱ्या काउंटीत. परतताना मात्र गाडी बदलायला बेसिंगस्टोक स्टेशनवर थांबणार असल्याचं त्यांनी कळवलं होतं. वॉर्डन प्लॅटफॉर्मवर जाऊन त्यांच्या शेजारी बसले.

"काय बोललात?" मी विचारलं.

"फार काही नाही. थॉमस सापडला का, एवढंच विचारलं." त्यांनी हातातली भाजीची पिशवी सावरली. "म्हणाला, तिथेही दोन आहेत. एकट्याने जमणार नाही."